अव्वाच्या खोलीत चीनचं पावणं

बसम्माला माहेर उरलं नव्हतं. चिकोडीकडचं तिचं गाव होतं तिथंच होतं, पण आई-बाप मातीत गेले, भावानं घर मोडून हुबळीला बिऱ्हाड केलं, आणि आता तिथं गेलं तर पाण्याचा तांब्या पुढं करणारंही कुणी राहिलं नव्हतं. तेव्हा तिनं मनाशीच ठरवून टाकलं की आपलं माहेर कैलास. बाप तिथं बर्फात बसलाय, लेक कधी येते म्हणून वाट बघतोय. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरून ती हे असं सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, उद्याच्या एस्टीनं निघाली.

पण त्या माहेराची वाट दुसऱ्याच्या राज्यात. आधी साथीनं ती बंद झाली, मग दोन देशांच्या फौजा डोंगरात समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि वाट बंद ती बंदच. बसम्मा जात्यावर बसत नव्हती, शिवाजी पेठेतल्या त्या घरात जातं होतं कुठं. मिक्सर फिरायचा, त्याच्या आवाजातच ती गुणगुणायची :

डोंगर ह्या राज्यात, सावली त्या राज्याला
कुनी मोजून द्यावी गऽ, ऊन-सावली वाऱ्याला

वाट उघडली आणि तिनं मुलाच्या मागं लकडा लावला. पहिल्या साली सोडतीत नाव आलं नाही. यंदा आलं. दिल्लीत डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, आणि सहासष्ट वर्षांच्या बाईला सांगितलं, जा.

तिचा मुलगा संगमेश, तो आईला अव्वा म्हणायचा. शिरोलीच्या एमआयडीसीत त्याची लहानशी फौंड्री. पंपाचे आणि मोटारींचे ओतीव भाग तिथं बनायचे. त्याच्याही कपाळी हीच शीव आडवी आलेली. साचे भरायचं एक चिनी यंत्र त्यानं मागवलेलं, ते समुद्रावरून आलं, पण ते बसवून चालू करून देणारा माणूस काही येईना. व्हिसाच मिळत नव्हता. यंत्र निळ्या प्लास्टिकखाली झाकून कोपऱ्यात उभं, आणि फोरमन जोतीराम येता-जाता त्याला नमस्कार करायचा, "समाधी हाय ही आमच्या मालकाची" म्हणायचा.

मग दोन सरकारांत बोलणी झाली. तुम्ही आमच्या माणसांना वाट द्या, आम्ही तुमच्या माणसांना देतो. यात्रा उघडली, विमानं सुरू झाली, व्हिसे सुटायला लागले. संगमेशनं पेपर वाचून बायकोला समजावून सांगितलं, तेव्हा सौंदर्या म्हणाली, "म्हणजे आपलं नि शेजारच्यांचं हाय तसंच की. त्यांनी बोळातनं आपली गाडी जाऊ द्यायची, आपण त्यांचा पाइप आपल्या भिंतीवरनं न्यायला द्यायचा. एकानं अडवलं की दुसरा अडवणार."

हे तिनं सहज म्हटलं आणि ती भाजी निवडायला लागली. संगमेशच्या मात्र डोक्यात ते रुतून बसलं.

अव्वा गंगटोकला पोचली त्याच आठवड्यात यंत्र बसवून द्यायला लिन कोल्हापुरात आला. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, मोठ्या चष्म्याचा माणूस. यंत्राशी बोलताना गाणं म्हणावं तसं पुटपुटायचा, माणसांशी बोलताना मोबाइल पुढं धरायचा. मोबाइलमधली बाई त्याचं चिनी बोलणं मराठीत सांगायची, अगदी बातम्या दिल्यासारखं.

अव्वाचा शेवटचा फोन आला तो बुधवारी सकाळी. "उद्या शीव वलांडायची बघ संगू. तिकडं ह्यो फोन चालत न्हाय म्हनत्यात. तू काळजी करू नगंस. सौंदर्याला म्हनावं, खोली बंद ठेवू नगंस, कोंदट वास येतंय."

"अव्वा, गोळ्या घेतल्यास?"

"घेतली रे. आता ठेव, रांग हाललीया."

आणि मग त्या फोनमधून काही येईना. नंबर लावला की एक मुलगी नम्रपणे सांगायची, संपर्क होऊ शकत नाही.

शुक्रवारी संगमेश लिनला न्यायला हॉटेलवर गेला, तर लिन पलंगावर मांडी घालून कागदी पेल्यातल्या शेवया खात होता. टेबलावर तसलेच रिकामे पेले रचलेले. हॉटेलातलं तिखट त्याला सोसत नव्हतं, आणि सोसणारं काही मागावं कसं ते त्याला कळत नव्हतं. संगमेश दारातच थबकला. आपली अव्वा आत्ता कुठल्या तरी अनोळखी गावात अशीच पलंगावर बसली असेल, पुढ्यात काय आलंय ते न कळून, असं त्याला वाटलं.

"पिशवी भरा," तो म्हणाला. "घरी चला."

मोबाइलमधल्या बाईनं सांगितलं. लिन हात हलवून नको म्हणाला. संगमेशनं स्वतःच त्याची पेटी उचलली.

अशा रीतीनं चीनचं पावणं अव्वाच्या खोलीत आलं. सौंदर्यानं चादर बदलली, खिडकी उघडली. घर लिंगायताचं, तिथं मांस-मासळी शिजत नाही, पण दहीभात होता, मऊ भाकरी होती, दुधी होता. लिननं दोन वेळा वाढून घेतलं आणि ताट इतकं स्वच्छ केलं की सौंदर्या म्हणाली, "धुवायचं तरी काय आता?"

जोतीराम याच गल्लीतला. फौंड्रीत फोरमन आणि गल्लीत तालमीचा कार्यकर्ता. संध्याकाळी तो आला आणि पाहुण्याच्या ताटात डोकावला.

"कोल्हापुरात येऊन दुधी? अरं संगमेशा, हे परत गेल्यावर तिकडं काय सांगतील? माणसं चांगली हायेत पण आजारी हायेत म्हणतील."

"तू गप. पोट बिघडलंय त्यांचं."

"पोट बिघडलंय तर पांढरा रस्सा द्यायचा. वैनी, तुम्ही बघू नका, मी न्हेतो ह्यांना."

गल्लीत तेव्हा वर्ल्डकपचा ताप चढलेला. एका तोंडाला ब्राझीलचे झेंडे, दुसऱ्या तोंडाला अर्जेंटिनाचे, आणि मधल्या चार घरांना दोन्हीकडून दम. जोतीरामनं लिनला तालमीत नेलं, फेटा बांधला, शाल घातली. तुमचा देश वर्ल्डकपला का नाही, असं विचारलं. लिन म्हणाला, तुमचा का नाही? यावर तालमीत जो हशा झाला तो चौकापर्यंत ऐकू गेला, आणि त्या घटकेपासून लिन गल्लीचा झाला.

रविवारी सकाळी संगमेश दुधाला बाहेर पडला आणि चौकात मान वर करून उभाच राहिला. विजेच्या दोन खांबांच्या मध्ये डिजिटल फ्लेक्स लागलेला. मध्यभागी फेटा बांधलेला लिन, चष्म्यातून भांबावून बघणारा. वर मोठ्या अक्षरांत : "चीन देशाचे सुप्रसिद्ध यंत्रतज्ज्ञ मा. लिन साहेब यांचे गल्लीत सहर्ष स्वागत". त्याखाली : "मुक्काम : श्री. संगमेश सोमलिंग गाताडे यांचे निवासस्थान". आणि कडेनं सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो, त्यात काळा गॉगल लावलेला जोतीराम सगळ्यांत मोठा.

"काय रे हे?" संगमेशनं विचारलं.

"काय म्हणजे? पावणं आलेलं कळायला नको?" जोतीराम म्हणाला. "रंग जरा फिका आलाय. छपाईवाल्याला झापलाय मी."

मंगळवारी पोलीस मुख्यालयातून फोन आला. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारी शाखा. पाहुण्यांना घेऊन या, आणि पासपोर्ट घेऊन या.

संगमेशनं हे सांगितलं तेव्हा लिनचा चेहरा कागदासारखा झाला. काही न विचारता तो अव्वाच्या खोलीत गेला आणि पेटी भरून बाहेर आला. सौंदर्यानं ती पेटी त्याच्या हातातून काढून घेतली. "परत यायचं हाय जेवायला," ती म्हणाली आणि पेटी परत आत ठेवून आली. तिला तरी कुठं खात्री होती. पण तिनं ते अशा आवाजात म्हटलं की मोबाइलमधल्या बाईची गरज पडली नाही.

शाखेची खोली लहान, पंखा मोठा. टेबलामागं उपनिरीक्षक संघप्रिया बनसोडे बसलेल्या. पस्तिशीच्या, केस आवळून बांधलेले, डोळ्याखाली जागरण. बाजूला हवालदार कृष्णात मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो मोठा करून बघत होता.

"ह्यात सगळंच हाय म्याडम," तो म्हणाला. "माणूस कोण, ठेवला कुणी, कुठं ठेवला, साक्षीदार कोण. आपल्याला तपासाला कायच ठेवलं न्हाय ह्यांनी."

संघप्रियांनी हसू ओठात दाबलं. "गाताडे, हॉटेलवाल्यानं शुक्रवारी कळवलं की पाहुणे गेले. कुठं गेले ते कुणीच कळवलं नाही. माझ्या संगणकावर हा माणूस शुक्रवारपासून हवेत आहे."

"हवेत न्हाय म्याडम. अव्वाच्या खोलीत हाय."

"ते मला फ्लेक्सवरनं कळलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "परदेशी माणूस घरात मुक्कामाला ठेवला तर एका दिवसाच्या आत कळवायचं असतं. हॉटेलवाल्याला जो कायदा तोच घरवाल्याला. ऑनलाइन भरता येतं. तुम्हाला फ्लेक्स छापायला वेळ मिळाला."

"फ्लेक्स मी लावला," जोतीराम मागून म्हणाला. तो न बोलावता आला होता. "त्यांचा काय संबंध न्हाय."

"तुमचा फोटो मोठा आहे, ओळखलं मी. बसा."

संगमेशला पावतीसारखी काहीतरी चूक वाटलेली. म्हणजे हेल्मेट नाही, दंड भरा, तसलं. त्यानं विचारलं, "मग आता काय करायचं?"

"आता असं आहे. तुमच्यावर कारवाई होऊ शकते. आणि हे जिथं राहतो म्हणून सांगितलं तिथं राहत नव्हते, हे मला वर कळवावं लागेल. वरून काय येईल ते माझ्या हातात नाही. देश सोडा असंही येऊ शकतं."

लिन खुर्चीच्या कडेला बसलेला, हात गुडघ्यांवर, शाळेतल्या मुलासारखे. त्याला शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता.

संगमेशच्या मनात बोळ उभा राहिला, पाइप उभा राहिला. एकानं अडवलं की दुसरा अडवणार. इथं यांच्या माणसाला चौकीत बसवलं, उद्या हाकलून दिलं, तर तिकडं डोंगरात एक म्हातारी आहे. तिच्या गळ्यात डबी आहे, तिच्या पिशवीत विभूती आहे, तिला त्यांची भाषा येत नाही, मराठी निम्मी येते आणि कानडी निम्मी. तिला कुणी थांबवलं तर ती काय करील? भांडेल. आणि तिचा आवाज काही लहान नाही.

"म्याडम," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला नीट जुळवता येईना. "मला काय करायचं ते करा. दंड करा, आत बसवा. पण ह्यांना काय करू नका. माझी आई तिकडं हाय."

"कुठं?"

"कैलासाला गेलीया. ह्यांच्या राज्यात हाय आत्ता. फोन लागत न्हाय. आपण इथं ह्यांना तरास दिला नि तिथं कुणी तिला..."

संघप्रियांनी पाण्याचा ग्लास त्याच्याकडं सरकवला.

"असं एका माणसाचं दुसऱ्या माणसावर नसतं निघत," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे, नसतं असं म्हणायचं. माझा भाऊ धम्मपाल तिकडं डॉक्टरकी शिकायला होता. सुट्टीला घरी आला आणि वाट बंद झाली. दोन वर्षांच्या वर घरात बसून होता. माणसाचं शरीर मोबाइलवर शिकला तो. आई विचारायची, अरे प्रेत कुठंय, तर म्हणायचा, स्क्रीनवर. शेवटी आपल्या सरकारनंही त्यांच्या पर्यटकांचा व्हिसा बंद केला. तुम्ही आमच्या पोरांना घेत नाही, तर आम्ही तुम्हाला घेत नाही."

"मग उघडली का वाट?" जोतीरामनं विचारलं.

"उघडली, पुढं. ह्याच्यामुळं उघडली की आपोआप, मला अजून कळलेलं नाही. आईला वाटतं, ह्याच्यामुळंच. मी त्यावेळी इथंच या टेबलावर होते. एक चिनी बाई आलेली, नवऱ्याजवळ राहायला मुदत वाढवून हवी होती. मी कागद बघत होते आणि डोळ्यासमोर धम्मपाल. वाटायचं, हिला चार दिवस लटकवावं."

"लटकवलं?"

"नाही." त्या एवढंच म्हणाल्या आणि लिनकडं वळल्या. "यांना विचारते. त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

लिननं मोबाइल टेबलावर ठेवला. संघप्रियांनी त्यात विचारलं, तुम्ही त्या घरात स्वतःच्या मर्जीनं राहिलात का? काही त्रास आहे का?

लिन बराच वेळ बोलला. मोबाइलमधली बाई शांतपणे सांगू लागली : "मला आईच्या खोलीत झोपवले. मी नको म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. मी हॉटेलमध्ये जाईन म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. मला पुरे म्हणालो. त्यांनी पुन्हा वाढले."

कृष्णात हवालदार खुर्चीवरून उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. "हे मात्र खरं हाय म्याडम," तो म्हणाला. "ह्यात तपासाला कायच न्हाय."

बाई पुढं सांगत होती : "खोलीत पर्वताचा फोटो आहे. तो पर्वत मी पाहिलेला नाही. माझे गाव समुद्राकडे आहे. तिथे जायचे तर मलाही निराळी परवानगी काढावी लागते. त्यांची आई तिथे गेली आहे. मी त्यांच्या खोलीत झोपतो. मला रात्री वाटते, मी त्यांची जागा सांभाळतो आहे. माझी चूक झाली असेल तर मी जाईन. यंत्र मात्र अर्धे राहील."

संगमेश लिनकडं बघत राहिला. त्याच्या देशातला डोंगर, आणि त्यालाही परवानगी. म्हणजे शीव एकट्या अव्वापुढं आडवी नव्हती.

संघप्रियांनी कागद पुढं ओढला. "गाताडे, उशीर का झाला त्याचा लेखी खुलासा द्या. खरं लिहा."

संगमेशनं लिहिलं : पाहुणा उपाशी होता.

त्यांनी वाचलं. "हे ठीक आहे. याखाली लिहा, नियमाची माहिती नव्हती. आणि यापुढे पाळीन."

"मी काय लिहू?" जोतीरामनं विचारलं.

"तुम्ही काही लिहू नका. तुमचं लिहिलेलं चौकात लागलंय, ते आज काढा. महापालिकेची परवानगी तुम्ही घेतलेली नसणार, ते मी विचारतसुद्धा नाही."

त्या कागद घेऊन आत साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार लागलं. संगमेशला त्या दारापलीकडून आधी काहीच ऐकू येईना, मग साहेबांचा चढा आवाज, मग बाईंचा सपाट, न चढणारा आवाज, मग पुन्हा काहीच नाही. जोतीरामनं तंबाखूची पुडी काढली आणि भिंतीवरची पाटी वाचून परत ठेवली. लिननं संगमेशच्या मनगटाला हात लावला. बोटं गार होती. संगमेशनं दुसरा हात त्यावर ठेवला आणि दोघं तसेच बसून राहिले, डॉक्टरांच्या बाहेर बसतात तसे.

दार उघडलं. संघप्रिया येऊन खुर्चीत बसल्या, संगणकात बोटं फिरवली, आणि मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला ताकीद. लेखी. पुन्हा झालं तर मात्र मी ओळख दाखवणार नाही. यांना काही नाही. राहण्याची जागा बदलली, तेवढं नोंदवते. पत्ता सांगा."

"कुठला?"

"घरचा, गाताडे. फ्लेक्सवरचा."

संगमेशनं पत्ता सांगितला. गल्ली, पेठ. पिनकोड त्याला आठवेना, म्हणून तो जोतीरामनं सांगितला, तोही चुकीचा, आणि कृष्णातनं दुरुस्त केला.

"झालं," संघप्रिया म्हणाल्या. "आजपासून हा माणूस कायद्यानं तुमचा पाहुणा. न्या घरी. जेवायची वेळ झाली."

बाहेर पडताना त्यांनी संगमेशला थांबवलं. "आईचा फोन आला की मला एक मेसेज टाका," त्या म्हणाल्या. "कामाचं नाही. असंच."

पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. जोतीरामनं तिथंच लिनच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा घसरला. घरी सौंदर्या दारात उभी होती. तिनं तिघांचे चेहरे बघितले आणि आत जाऊन गॅस पेटवला.

त्यानंतरचे दिवस असे गेले की दिवसा बरं असायचं. यंत्रावरचं निळं प्लास्टिक निघालं. लिन त्याच्या पोटात शिरायचा, नुसते पाय बाहेर, आणि आतून ते पुटपुटणं चालू. पहिला साचा नीट उतरला तेव्हा कामगारांनी नारळ फोडला, आणि पहिला तुकडा कुणी न सांगता लिनच्या हातात गेला. पण संध्याकाळी घरी आलं की संगमेश फोन उशाला घेऊन बसायचा. डोक्यात तराजू चालू. आपण यांना नीट ठेवलंय. दहीभात दिलाय. पोलिसांनीही सोडलं. म्हणजे तिकडंही कुणीतरी अव्वाला नीट ठेवलं असेल. असणारच. पण शुक्रवार ते मंगळवार आपली चूक होती, तेवढ्यात तिकडं काही झालं असेल तर? सौंदर्या म्हणायची, "असं देवाणघेवाणीनं जग चालतंय व्हय?" आणि तो म्हणायचा, "तूच म्हणालीस की, बोळाचं नि पाइपाचं." अव्वा घरातून निघताना म्हणालेली ओवी सौंदर्या मग मिक्सर न लावताच हळू गुणगुणायची :

म्हायेराच्या वाटंवर शिपाई कागद मागतो
बाप बसला डोंगरात, लेक आली का बघतो

आणि एके दिवशी सकाळी, संगमेश दाढीला बसलेला, गालाला साबण, तेव्हा फोन वाजला. नंबर अव्वाचा.

"संगू. आले रे मी. अल्याड आले. गंगटोकात हाय."

सौंदर्यानं फोन त्याच्या हातातून घेऊन मोठ्या आवाजावर टाकला. "अव्वा, बरी हायसा न्हवं?"

"मला काय हुतंय? पायाला फोड आल्यात, घोड्यावर बसून कंबर गेलीया. बाकी दगड हाय मी. दर्शन झालं गं. काय सांगू. सोन्यासारकं हुतं सकाळचं. बापच. दुसरं काय न्हाय."

"तिथं कुणी तरास दिला का?" संगमेशनं विचारलं.

"तरास?" अव्वा म्हणाली. "पयल्याच दिशी झालं बघ. शीव वलांडली आनि तिकडच्या चौकीत घातलं सगळ्यास्नी. यंतरातनं पिशव्या जात्यात, मानसं जात्यात. तिथं एक पोरगी बसलेली, टोपीवाली, आपल्या सौंदर्यापरास लहान. माझी डबी बगितली नि हातानं म्हनली, काढ. मी म्हनलं, न्हाय. ही निघत न्हाय. जीव निघंल माझा, ही न्हाय निघायची. ती तिच्या भाषंत, मी माझ्या भाषंत. मागं सगळी रांग ताटकळली."

संगमेशच्या गालावरचा साबण सुकत होता.

"मग?"

"मग तिनं मोठ्या सायबाला बोलिवलं. त्यो आला, बगितला, काय तरी म्हनला, गेला. मला वाटलं, संपलं, आता धाडत्यात मागारी. तर ती पोरगी उठली. माझं हात धरलं नि बाजूच्या खोलीत न्हेलं. दार लावली. म्हनली, तूच उघड. मी उघडून लिंग माझ्या तळहातावर घेतलं. ती वाकून बगितली. हात न्हाय लावली. न्हाय म्हंजे न्हाय लावली. मग मी म्हनलं, आता उघडलंच हाय तर पूजा करूनच घेते, सकाळपासनं ऱ्हायली हुती."

"तिथं? चौकीत?" सौंदर्या म्हणाली.

"मग कुठं? विभूती काढली, बसले खाली. ती पोरगी दाराला पाठ लावून हुबी ऱ्हायली, कुनी आत येऊ न्हाय म्हनून. माझं हुईपर्यंत. बाहीर कुनी तरी दार वाजवत हुतं, ती सरकली न्हाय."

संगमेश पाटावरून उठला. "अव्वा, हे पयल्याच दिशी? शीव वलांडली त्याच दिशी?"

"व्हय की. का?"

त्या दिवशी लिन अजून हॉटेलात होता. कागदी पेल्यातल्या शेवया खात. त्याला घरी न्यावं असं त्या दिवशी कुणाच्या मनातही आलेलं नव्हतं; पोलिसांचा फोन नव्हता, खुलासा नव्हता, कुणाचं कुणावर काही चढलेलं नव्हतं. इथं अजून कुणी काही दिलेलंच नव्हतं, आणि तिथं एक मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली होती. इतक्या रात्री तो ज्या तराजूपाशी बसून होता, त्याची दोन्ही पारडी रिकामी होती.

तो हसायला लागला. हसता हसता डोळे भरले आणि साबण ओठांत गेला.

"रडतंय काय त्यो?" अव्वानं विचारलं.

"न्हाय, साबण गेला तोंडात," सौंदर्या म्हणाली. "अव्वा, तुमच्या खोलीत पावणं हाय. चीनचं. यंत्राचं."

"माझ्या खोलीत?"

"व्हय. तुमी येतासा तर त्यांना वर हालवतो."

"काही हालवू नगंस," अव्वा म्हणाली. "मी बाहीर सोप्यात टाकते आंग. जेवतंय का त्यो नीट?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं आवाज खाली घेतला. "ऐक, त्या पोरीवर जुळली हाय एक. गाडीत बसून जुळवली."

कोन कुठली लेक गऽ, तिनं दार राखीलं
माज्या देवाचं अंगन, पाठ देऊनी झाकीलं

"तिचं नाव काय हुतं अव्वा?"

"कुनास ठाऊक. इचारलं मी, सांगितली पन ती. माझ्या तोंडात बसंना."

लिन नळावर तोंड धुऊन आला होता आणि टॉवेल धरून दारात थबकला होता. संगमेशनं त्याला हातानं आत बोलावलं. मोबाइल पुढं धरून तो अव्वाचं सगळं सांगायला लागला, पहिल्यापासून, घाईत, शब्द एकमेकांवर आदळत. मोबाइलमधल्या बाईला ते झेपेना. ती मध्येच थांबायची, पुन्हा विचारायची. लिन मान पुढं करून ऐकत राहिला. दाराला पाठ लावून ती मुलगी उभी राहिली तिथं आल्यावर त्यानं डोळे मिटले.

संगमेशनं चेहरा पुसला, अर्धी दाढी तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "सौंदर्या, भाकरी हाय का गं? लई भूक लागलीया."

त्यानं दोन खाल्ल्या, तिसरी मागितली. मध्येच हात पुसून त्यानं बनसोडे बाईंना मेसेज टाकला : आई पोचली. सुखरूप. लगेच उत्तर आलं, नुसतं "बरं वाटलं". तिसरी भाकरी तव्यावर फुगत होती.